भरलेला पिकअप, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हचे गणित

सोलापूरच्या मार्केट यार्डाबाहेर हैदराबाद रस्त्यावर कांद्याच्या हंगामात लागणाऱ्या पिकअपच्या रांगेत जवळजवळ प्रत्येक गाडी अजून हातानेच गिअर टाकायची असते. तरीही ऑटोमॅटिक पिकअप ही आता फक्त ऐकायची गोष्ट राहिलेली नाही. टोयोटाने जानेवारी २०२२ मध्ये हायलक्स भारतात आणली, इसुझूची व्ही-क्रॉसही ऑटोमॅटिकमध्ये मिळते, आणि आठ-नऊ टनांचा ट्रेलर मागे लावून डोंगर चढणाऱ्या अमेरिकी पिकअपचे व्हिडिओ ट्रान्सपोर्ट व्यवसायातील तरुणांच्या मोबाइलवर रोज फिरत असतात. त्या व्हिडिओंमध्ये ‘दहा गिअर, त्यातले तीन ओव्हरड्राइव्ह’ असे काहीतरी सांगितले जाते आणि ऐकणाऱ्याचा सहज समज होतो की ओव्हरड्राइव्ह म्हणजे टर्बोसारखी जादा ताकदीची सोय असावी. प्रत्यक्षात ओव्हरड्राइव्हमध्ये चाकावरची ताकद सर्वांत कमी असते. ती जाणूनबुजून सोडून दिलेली असते. ती का सोडायची, कधी सोडायची आणि भरल्या गाडीने ती परत कधी मागून घ्यायची, एवढाच या साऱ्या यंत्रणेचा प्रश्न आहे.

## टॉर्क आणि फेरे

इंजिन गिअरबॉक्सच्या हाती दोन गोष्टी देते. एक म्हणजे टॉर्क, अर्थात दांडा पिळण्याचा जोर, जो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. दुसरी म्हणजे दांड्याचे मिनिटाला होणारे फेरे, ज्यांना आपण आरपीएम म्हणतो. या दोहोंच्या गुणाकारावर इंजिनाची शक्ती ठरते, आणि ही शक्ती गिअरबॉक्स तसूभरही वाढवू शकत नाही. घर्षणात थोडी गमावतो, इतकेच. त्याचे काम फक्त देवघेवीचे आहे. फेरे कमी करून टॉर्क वाढवायचा, किंवा टॉर्क कमी करून फेरे वाढवायचे.

यंत्रमागाच्या शेडमध्ये वाढलेल्या सोलापूरकराला हे वेगळे समजावण्याची गरज पडू नये. मिनिटाला हजार-चौदाशे फेरे घेणाऱ्या मोटरवर लहान चाक असते आणि मागावर मोठे. त्यामुळे माग मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्यांवर येतो, पण धोटा फेकण्याइतका जोर त्याला मिळतो. तीच दोन चाके अदलाबदल करून बसवली, तर माग मोटरपेक्षाही जोरात फिरू पाहील आणि भरल्या बीमचे ओझे येताच मोटर गुरगुरत थांबेल. पहिली मांडणी म्हणजे गाडीचा पहिला गिअर, आणि उलटी मांडणी म्हणजे ओव्हरड्राइव्ह.

## एकापेक्षा लहान आकडा

गिअरचे प्रमाण म्हणजे बाहेर जाणाऱ्या दांड्याचा एक फेरा होण्यासाठी इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याला किती फेरे घ्यावे लागतात तो आकडा. शेव्हरोलेच्या २०२० पासूनच्या अवजड डिझेल पिकअपमध्ये येणारा दहा गिअरांचा अ‍ॅलिसन गिअरबॉक्स पाहिला, तर पहिल्या गिअरचे प्रमाण ४.५४ आहे, म्हणजे इंजिनाच्या साडेचार फेऱ्यांत बाहेरचा दांडा एकदाच फिरतो आणि टॉर्क साडेचार पट होतो. सातव्या गिअरचे प्रमाण बरोबर १.०० आहे; आत येईल तेच बाहेर जाते. याला डायरेक्ट गिअर म्हणतात. आठवा, नववा आणि दहावा यांचे आकडे अनुक्रमे ०.८५, ०.६९ आणि ०.६३ आहेत. एकच्या खाली गेलेला प्रत्येक गिअर हा ओव्हरड्राइव्ह असतो. त्यात बाहेरचा दांडा इंजिनापेक्षा जोरात फिरतो आणि टॉर्क त्याच प्रमाणात घटतो.

ही काही फक्त ऑटोमॅटिकची मिरासदारी नाही. आपल्याकडच्या पाच गिअरांच्या बहुतेक मॅन्युअल गाड्यांचा पाचवा गिअरही एकच्या खालीच असतो. कोणी त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणून हाक मारली नाही, म्हणून तो आपल्या ध्यानात आला नाही.

गिअरबॉक्सनंतर मागच्या हौजिंगमधील, म्हणजे मागच्या चाकांच्या आसावरील पेटीतील, क्राउन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी आणखी एकदा फेरे कमी करते. अमेरिकी अवजड पिकअपमध्ये ३.७३ हे प्रमाण नेहमी आढळते. टायरचा घेर २.६ मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ६४० फेरे घेते आणि क्राउन-पिनियनमुळे मधला लांब दांडा सुमारे २,३९० फेरे घेतो. डायरेक्ट गिअरमध्ये इंजिनही तितकेच फिरणार. ०.६३ च्या ओव्हरड्राइव्हमध्ये मात्र ते जेमतेम १,५०० फेऱ्यांवर येते. रस्ता तोच, वेग तोच, पण दर मिनिटाला इंजिनाचे नऊशे फेरे वाचले. त्यात डिझेल वाचते, आवाज कमी होतो आणि इंजिनाची झीजही कमी होते.

## कायम गुंतलेले दाते, तरी बदलणारे गिअर

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये आपण क्लच दाबून एक जोडी सोडतो आणि दुसरी जोडतो. नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये दाते सुटत वा जुळत नाहीतच. ते कायम एकमेकांत गुंतलेले असतात. त्या संचाला ग्रहमालिका म्हणतात. मध्यभागी एक सूर्यचाक असते, त्याभोवती तीन-चार ग्रहचाके फिरतात, ती एका वाहक चौकटीवर बसवलेली असतात, आणि या सर्वांना बाहेरून आतल्या बाजूने दाते असलेले एक कडे वेढून असते. खोललेल्या गिअरबॉक्समधला हा संच गॅरेजच्या टेबलावर हातात घेऊन पाहावा. कडे बोटांनी घट्ट धरून सूर्यचाक फिरवले की वाहक त्याच दिशेने, पण संथ फिरतो. सूर्यचाक धरून वाहक फिरवला की कडे वाहकाच्याही पुढे धावते. वाहक धरून सूर्यचाक फिरवले तर कडे उलट फिरते, आणि तोच रिव्हर्स. कोणतेही दोन भाग एकमेकांना जखडले तर सगळा संच एकसंध फिरतो, म्हणजे डायरेक्ट.

हिशेबही अवघड नाही. कड्याला ७२ दाते आणि सूर्यचाकाला २८ दाते आहेत असे धरू. कडे धरून सूर्यचाकाने चालवले, तर प्रमाण १०० भागिले २८, म्हणजे सुमारे ३.५७ मिळते. तेच सूर्यचाक धरून वाहकाने चालवले आणि कड्याकडून जोर बाहेर घेतला, तर ७२ भागिले १००, म्हणजे ०.७२ मिळते. एकाच संचातून चढाचा गिअरही निघाला आणि ओव्हरड्राइव्हही. बदलले ते फक्त कोणाला धरून ठेवायचे एवढेच. हे धरण्याचे काम तेलात बुडालेल्या क्लच प्लेटा करतात. त्यांच्यावर तेलाचा दाब सोडायचा की काढायचा हे पूर्वी झडपा ठरवत, आता संगणक ठरवतो. असे तीन-चार संच एकामागे एक जोडले की सहा, आठ किंवा दहा गिअर तयार होतात.

इंजिन आणि या संचांच्या मध्ये, मॅन्युअलमधल्या क्लचच्या जागी, टॉर्क कन्व्हर्टर बसतो. इंजिनाला जोडलेले पंखे तेल फेकतात, ते तेल गिअरबॉक्सला जोडलेल्या पंख्यांवर आदळून त्यांना फिरवते आणि मधले तिसरे पंखे परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतात. त्यामुळे गाडी जागेवरून निघताना टॉर्क दुपटीच्या आसपास वाढतो. मात्र तेलाच्या या जोडणीत घसरण असते आणि घसरणीची उष्णता होते. म्हणून वेग स्थिर झाला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू थेट जोडून टाकतो. सपाट रस्त्यावर गिअर न बदलताच टॅकोमीटरचा काटा दोन-अडीचशे फेऱ्यांनी खाली सरकतो, तेव्हा लॉक-अप लागला असे समजावे. अनेकांना तो एक जादा गिअरच वाटतो.

## चढावर काय होते

आता सगळा हिशेब एका भरल्या गाडीवर मांडू. गाडी आणि ट्रेलर मिळून १२ टन वजन आहे, इंजिन १,००० न्यूटन-मीटर टॉर्क देते आहे, आणि क्राउन-पिनियन, टायर व गिअरबॉक्स वर सांगितलेलेच आहेत. घर्षणातली गळती सोडून देऊ. ताशी ८० किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर जाताना टायरच्या रोधासाठी सुमारे १२० किलो आणि मोठ्या ट्रेलरवर आदळणाऱ्या वाऱ्यासाठी सुमारे १७० किलो, असा एकूण २९० किलोंचा जोर चाकांना लावावा लागतो. दहाव्या गिअरमध्ये चाकांना सुमारे ५८० किलोंचा जोर मिळू शकतो. म्हणजे गरजेच्या दुप्पट. मोहोळ ते टेंभुर्णी रस्त्यासारख्या सपाटीवर अशी गाडी दहाव्यातच धावावी, हे सरळ आहे.

डोंगराळ भागातील रस्त्यांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत ५ टक्के हा नेहमीचा आणि ६ टक्के हा मर्यादेचा चढ मानला आहे. ६ टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना सहा मीटर वर चढणे. बारा टनांचे ६ टक्के म्हणजे ७२० किलो. ते आधीच्या २९० मध्ये मिळवले की गरज १,०१० किलोंवर जाते. दहावा गिअर ५८० देतो, त्यामुळे तो इथे बादच. डायरेक्ट सातवा ९२० देतो, म्हणजे थोडक्यात उणा पडतो आणि वेग हळूहळू गळू लागतो. सहाव्याचे प्रमाण १.२६ आहे, तो सुमारे १,१६० किलो देतो आणि गाडी ८० चा वेग धरून चढते. मात्र इंजिन दहाव्यात १,२०० फेऱ्यांवर होते, ते आता २,४०० वर जाते. चढाला लागताच ऑटोमॅटिक गाडी एकदम मोठ्याने ओरडू लागते म्हणून घाबरून जाणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. ती ओरडते आहे म्हणजे गिअरबॉक्स आपले काम करतो आहे. तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने चौथ्यात रेटणाऱ्या ड्रायव्हरला ‘अण्णा, गिअर पाड की, ओढंना गाडी’ असे शेजारी बसलेला क्लीनर सांगतो, तेव्हा तोही हेच गणित सांगत असतो.

## मग ओव्हरड्राइव्ह नसलेलाच बरा, असे का नाही?

ओझे ओढण्यासाठीच घेतलेल्या गाडीत ताकद घटवणारा गिअर हवाच कशाला, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर इतिहासातच मिळते. डॉजने १९८९ च्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन बसवले. कोथरूडच्या कारखान्यामुळे कमिन्स हे नाव आपल्याकडे घरचेच आहे. इंजिन भरपूर टॉर्कचे, पण संथ होते. २,५०० फेऱ्यांपलीकडे ते जायचे नाही. त्यामागे जोडलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तीन गिअरांचा होता आणि तिसरा गिअर डायरेक्ट होता. महामार्गावर इंजिन आवाक्यात राहावे म्हणून हौजिंगमध्ये ३.०७ चे क्राउन-पिनियन घालावे लागले. परिणामी २.४५ चा पहिला गिअर धरून एकूण गुणाकार साडेसातच भरला, आणि ओझे लावून जागेवरून निघताना गाडी जड वाटू लागली.

दोन वर्षांनी चार गिअरांचा, ०.६९ ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स आला आणि ३.५४ चे क्राउन-पिनियन घालता येऊ लागले. आता पहिल्या गिअरचा एकूण गुणाकार ८.६७ झाला, म्हणजे निघण्याचा जोर पंधरा टक्क्यांनी वाढला. आणि महामार्गावरचा गुणाकार ३.०७ वरून २.४४ वर आला, म्हणजे इंजिन आणखी शांत झाले. माझ्या मते ओव्हरड्राइव्हचा खरा उपकार हाच आहे. वरच्या टोकाला तो सवलत देतो म्हणून खालच्या टोकाला कडक, म्हणजे मोठ्या आकड्याचे, क्राउन-पिनियन परवडते. गाडी घेताना नुसता गिअरबॉक्स पाहून भागत नाही, हौजिंगचा आकडा विचारावा लागतो, तो यामुळेच. आपल्याकडच्या शोरूममध्ये तो विचारला तर समोरचा बहुधा माहितीपत्रक शोधायला आत जातो, हा भाग वेगळा.

## ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक, असे म्हणतात ते?

जुन्या तीन-चार गिअरांच्या ऑटोमॅटिकबद्दल या तक्रारीत तथ्य होते. दोन गिअरांमधले अंतर मोठे असे, लॉक-अप उशिरा लागे किंवा नसेच, आणि डिझेलही जास्त जाई. आज चित्र उलटे झाले आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या हायलक्समध्ये २.८ लिटरचे एकच इंजिन दोन्ही प्रकारांत येते. मॅन्युअलमध्ये ते ४२० न्यूटन-मीटरपर्यंत मर्यादित ठेवले आहे आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर मोकळे सोडले आहे. नाजूक वस्तूवर कंपनीने जास्त भार टाकला नसता. त्या ऑटोमॅटिकला सहा गिअर आहेत आणि चौथाच डायरेक्ट आहे, पाचवा ०.६८७ व सहावा ०.५८० असे दोन्ही ओव्हरड्राइव्ह आहेत.

दहा गिअर कशासाठी, तर डिझेल इंजिन थोड्याच फेऱ्यांच्या पट्ट्यात खुशीत असते. गिअर जितके जवळजवळ, तितका काटा त्या पट्ट्यात राहतो. दहाही गिअर रोज लागतील असे नाही. रिकामी गाडी मधले दोन-तीन सहज ओलांडून जाते.

## ओझे असताना ओव्हरड्राइव्ह बंद ठेवावा का?

जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरच्या दांड्यावर ‘ओ/डी ऑफ’ असे बटण असायचे. ते दाबले की गिअरबॉक्स डायरेक्टच्या वर जात नसे. हे बटण कशासाठी होते, हे कळायला चढउताराचा रस्ता डोळ्यांसमोर आणावा. थोडा चढ आला की गिअरबॉक्स एक गिअर खाली येतो, वेग सावरला की वर जातो, वर गेला की पुन्हा ताकद कमी पडते आणि तो पुन्हा खाली येतो. प्रत्येक वेळी लॉक-अप सुटतो, कन्व्हर्टर घसरतो, क्लच प्लेटा घासतात आणि ही सगळी उष्णता तेलात जाते. ओव्हरड्राइव्ह स्वतः गिअरबॉक्सचे नुकसान करत नाही. ही सततची ये-जा करते. म्हणून ओझे लावलेले असले तरी सपाट रस्त्यावर गिअरबॉक्स ओव्हरड्राइव्हमध्ये स्थिर बसत असेल, तर त्याला तिथेच राहू द्यावे. तो अस्वस्थपणे वरखाली करू लागला, तर बटण दाबून त्याला खाली रोखून धरावे.

नव्या गाड्यांत या बटणाची जागा ‘टो-हॉल’ नावाच्या पद्धतीने घेतली आहे. ती लावली की संगणक वरचा गिअर उशिरा टाकतो, लॉक-अप शक्य तितका धरून ठेवतो आणि ब्रेक दाबताच उतारावर आपण होऊन खालचा गिअर टाकतो. डिझेल थोडे जास्त जाते; गिअरबॉक्स दुरुस्तीचे बिल पाहिलेला मालक त्याची तक्रार करत नाही.

## उतारावर न्यूट्रल

डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. आताच्या डिझेल इंजिनात गिअर लागलेला असताना आणि पाय उचललेला असताना इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो; उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे डिझेल जळतच राहते. बचत तर होतच नाही, शिवाय इंजिनाचा रोध गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. ओव्हरड्राइव्हमध्येही हा रोध फार तोकडा पडतो. ०.६३ पेक्षा १.२६ च्या गिअरमध्ये इंजिन दुप्पट फिरते आणि त्याच्या प्रत्येक फेऱ्याचा रोधही चाकावर दुपटीने पोहोचतो. डिझेल इंजिनाला मुळात स्वतःचा रोध कमी असल्याने अमेरिकी अवजड पिकअपना धुराची वाट अडवणारा एक्झॉस्ट ब्रेकही दिलेला असतो, आणि तोही फेरे वर असतील तरच नीट काम करतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलो, त्याच्या आसपासच्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम ऑटोमॅटिकलाही लागू आहे.

## तेल आणि सोलापूरचा उन्हाळा

गिअरबॉक्सचे तेल नेहमी ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असणे चांगले. १२० च्या पुढे ते झपाट्याने बिघडते, आणि त्याहून वर गेले तर सील कडक होतात व क्लच प्लेटा घसरू लागतात. ते थंड होते ते कूलरवरून वाहणाऱ्या हवेने, आणि थंड होण्याचा वेग तेल व हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असतो. तेल ९५ अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल तर फरक ६५ अंशांचा असतो. मे महिन्यात सोलापुरात हवा ४३ अंशांवर गेली की तो ५२ वर येतो. म्हणजे कूलर तोच असूनही त्याची क्षमता पाचव्या हिश्शाने घटली. तेल बदलण्याचा जो जास्तीत जास्त पल्ला पुस्तिकेत छापलेला असतो, तो आपल्याकडच्या उन्हात ओझे वाहणाऱ्या गाडीसाठी धरू नये. पुस्तिकेतच कठीण वापरासाठी वेगळा, कमी पल्ला दिलेला असतो, तो पाळावा. तेल तपासायची पट्टी असेल तर ती पांढऱ्या चिंधीवर पुसून पाहावी. नवे तेल बहुतेक गाड्यांत लालसर असते. ते काळपट तपकिरी झाले असेल आणि करपल्यासारखा वास येत असेल, तर प्लेटा जळू लागल्या आहेत असे समजून गाडी दाखवायला न्यावी.

शेवटची गोष्ट बंद पडलेल्या गाडीची. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना धक्का मारून गाडी चालू होत नाही, कारण दाबाशिवाय एकही क्लच धरत नाही. दोर बांधून ओढत नेली तर मागच्या चाकांमुळे गिअरबॉक्सचे आतले भाग कोरडेच फिरतात आणि थोड्या अंतरातच खराब होऊ शकतात. अशी गाडी मागची चाके उचलून न्यावी किंवा मधला लांब दांडा सोडवून घ्यावा. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर चारही चाके जमिनीवरून उचलणारी गाडीच बोलवावी.